तिसरी तार

शुक्रवारी दोन ते चार मला सुट्टी असते.
रुवीच्या मागच्या गल्लीत, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
एलियम्मा टीचर फरशीवर वर्तमानपत्र पसरते
आणि त्यावर एक जुना विंडो एसी उताणा ठेवते.
बाहेर शेहेचाळीस. आत आम्ही अकराजणी,
आणि खोलीतला एकमेव एसी असा पोट उघडून पडलेला.

टिगिस्ट इथिओपियाची, कुसुमलता लंकेची,
दोघी कडप्प्याच्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या,
आणि मी, सकीना हसन मुकादम, दाभोळ खाडीच्या अलीकडची.

आधी इथे शिवण शिकवायचे.
मी म्हटलं, शिवण येतं मला, टीचर,
सुईदोरा घेऊनच जन्माला आले बहुतेक.
मला ते शिकव, ज्याच्यासाठी घरात माणूस बोलावतात
आणि मला आतल्या खोलीत जायला सांगतात.

पहिल्या दिवशी तिने तारा मोजायला लावल्या.
तपकिरी. निळी. आणि ही हिरवी-पिवळी,
ही अर्थची, ती म्हणाली.
मी वहीत लिहिलं: तिसऱ्या तारेत अर्थ असतो.
सातवीपर्यंतच्या मराठीला तेवढंच सुचणार.
टीचर हसली नाही. तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली,
करंट वाट चुकला की माणसातून जातो.
ही तार त्याला सांगते, इकडून, जमिनीत.

आमच्या घरात ही तार कुणी ओढलीच नव्हती.
अब्बांचा राग, आजारपणं, धाकट्याची फी,
सगळं माझ्यातून गेलं.

धाकट्याला मीच घातलं चिपळूणच्या आयटीआयला.
वायरमन. पकड, टेस्टर, निळी डांगरी,
सगळे पैसे इथल्या भांड्यांतले.
आठव्या महिन्यात त्याने सोडलं.
ती पकड माझ्या हातात हवी होती
असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.
मलाही नाही.

कपॅसिटरला हात लावू नका, टीचर ओरडते,
मशीन बंद असलं तरी हा धरून ठेवतो.
आधी स्क्रूड्रायव्हर आडवा टाका.
ठिणगी उडाली. कडप्प्याच्या दोघी
एकदम एकमेकींना बिलगल्या,
आणि मग बोलायला लागल्या.

जुलैत रात्री अडीच वाजता
मॅडमच्या लेकराच्या खोलीतला एसी बसला.
कंपनीचा माणूस सकाळी येणार.
लेकराच्या मानेवर घामोळं, रडून आवाज गेलेला.
मी शिडी आणली. मॅडमने मोबाईलची बत्ती धरली.
फुगलेला कपॅसिटर, एवढंच होतं.
स्टोअरमधल्या मोडक्या एसीतून काढून
आकडे जुळवून बसवला.
वारा आला तसं मॅडम म्हणाली, शुक्रन.
मग म्हणाली, साहेबांना सांगू नकोस.

सकाळी तो माणूस आला.
झाकण काढलं, झाकण लावलं,
पाच रियाल घेतले.
चहा मी केला. साखर घातली नाही.

माझ्या व्हिसावर अजून घरकामगार.
टीचर कागद देते, त्यावर शिक्का असतो,
तो शिक्का कुठेच चालत नाही.
मी तो कुराणाच्या गिलाफाखाली ठेवलाय.
टिगिस्ट गेली तिच्या गावाला,
जळका कपॅसिटर बरोबर घेऊन.
तिचं पुढे काय झालं, ठाऊक नाही.

काल रात्री गावाहून व्हिडिओ कॉल आला.
अल्फियाने, धाकट्याच्या पोरीने,
मिक्सर उघडून मांडीवर घेतला होता.
मागून तिचा बाप म्हणत होता, ठेव तो, मी बघतो,
आणि बघत नव्हता.
फुफू, इथे लाल, काळी, हिरवी आहे,
तुझ्याकडे रंग वेगळे का?
रंग वेगळे, बाय, करंट तोच.
मग कुठली आधी धरू?

कुठलीच नको.
आधी प्लग काढ.
बटण नाही, प्लग. हातात घे, मला दाखव.
हां.
आता घाल हात.